सोडलेल्या घराशी व्यवहार : १९५६ नंतरचा विदर्भ आणि त्याचे शेजारी

मागच्या व्याख्यानात आपण नागपूर प्रांत कसा जुळत गेला ते पाहिलं. आजचा विषय तो प्रांत मोडल्यानंतरचा आहे. मोडला कसा, हे सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. मोडल्यावर दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकमेकांशी व्यवहार कसा केला, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ या दिवशी आपला वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून निघाला आणि द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. एकटा वर्धा नव्हे. नागपूर, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, असे आठ जिल्हे गेले. या दिवसाची आठवण निघते तेव्हा आपण कुठे गेलो एवढंच बोलतो. मुंबईत गेलो, मग १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मग अनुशेष, मग अन्याय. कुठून निघालो, हे बोलत नाही. १८६१ साली मध्य प्रांत झाला तेव्हापासून नागपूर ही त्याची राजधानी. म्हणजे पंचाण्णव वर्षं आपण जबलपूर, छिंदवाडा, बैतूल, बालाघाट यांच्याबरोबर एका घरात राहिलो. नागपूरच्या सचिवालयात बैतूलचा अर्ज यायचा, हायकोर्टात सागरचा दावा चालायचा. एवढ्या वर्षांचं घर सोडताना, यापुढे आपल्या देण्याघेण्याचं काय, असं कुणी कुणाला विचारलं का? आमच्या आजच्या बोलण्याचा सगळा भर या प्रश्नावर आहे.

आधी थोडं मागे जाऊ, कारण सीमा ही आपल्याला नवी गोष्ट नव्हती. आपली वर्धा नदीच एकेकाळी सीमा होती. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, तरी तो मध्य प्रांतात आला नाही. हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली राहिला. नदीच्या अलीकडे आर्वी, पुलगाव, देवळी, इथे मालगुजारी. पलीकडे रयतवारी. अलीकडचा साहेब नागपूरला विचारणार, पलीकडचा हैदराबादला. १९०२ साली वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला गेला, वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर, आणि १९०३ मध्ये कारभारापुरता मध्य प्रांताला जोडला. तोपर्यंतची पन्नास वर्षं नदीला दोन काठ होते ते नुसते भूगोलाचे नव्हते.

आता बघा, कापूस मात्र दोन्ही काठांवर एकच. काळी जमीन एक, पऱ्हाटी एक, आणि माल जाणार मुंबईलाच. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५, मँचेस्टरचा कापूस बंद झाला आणि इंग्रजांचं लक्ष हिंगणघाटच्या कापसाकडे गेलं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली. त्या सुमारास सरकारने एक अधिकारी नेमला, रिव्हेट-कार्नाक नावाचा. त्याच्या पदाचं नाव ऐकण्यासारखं आहे : मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांचा कापूस आयुक्त. कारभार दोन, कायदे दोन, पण कापसाचा माणूस एक. बियाणं, बाजार, गाठी बांधायचे प्रेस, बाजाराकडे जाणारे रस्ते, हे सगळं तो नदी न बघता बघायचा. त्याला मँचेस्टरचं हित साधायचं होतं, कास्तकाराचं नव्हे. याबद्दल आमच्या मनात शंका नाही, तुमच्याही नसावी. पण व्यवस्था म्हणून ती लक्षात ठेवा. राज्य दोन असली तरी एका पिकासाठी एक दफ्तर ठेवता येतं, आणि परकं सरकार स्वतःच्या गरजेपोटी का होईना, ते करू शकलं.

आता १९५६ कडे. त्याआधी दहाएक वर्षं आपल्याकडे करार-मदार फार झाले. ऑगस्ट १९४७ मध्ये अकोला करार झाला. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला, त्यावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे आणि विदर्भाकडचे पुढारी यांच्या सह्या. त्यात काय होतं? विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला, नोकऱ्यांत वाटा, शिक्षणात वाटा, खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात. फाझल अली आयोगाने सप्टेंबर १९५५ च्या अहवालात तर या आठ जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्यच सुचवलं होतं; ते मानलं गेलं नाही. मग राज्यघटनेत ३७१ (२) हे कलम आलं, विकास मंडळांचं. ती मंडळं प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं. असो. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

हे सगळे कागद समोर ठेवले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रत्येक कागद नव्या घराशी आहे. आम्हाला काय द्याल, कुठे बसाल, किती खर्च कराल. जुन्या घराशी एकही नाही. मुलगी सासरी जाताना मानपानाची यादी दोनदा तपासली, आणि माहेरचं येणं-जाणं कसं राहील याचा शब्दही काढला नाही, तसं ते झालं. अर्थात, दोष एकट्या पुढाऱ्यांचा नव्हे. ते काम दिल्लीच्या राज्य पुनर्रचना कायद्यावर सोडलं गेलं. त्या कायद्यात तपशील भरपूर आहे : इमारती कुणाच्या, कर्ज कुणावर, तिजोरीतली शिल्लक कशी वाटायची, पेन्शन कोण देणार, नोकर कुठे जाणार. हायकोर्ट जबलपूरला गेलं, राजधानी भोपाळला गेली, आणि नोकरांच्या ज्येष्ठतेच्या याद्यांची भांडणं पुढे वर्षानुवर्षं चालली.

पण ही झाली वाटणी. भाऊ वेगळे होतात तेव्हा भांडीकुंडी, बैल, वावर यांची वाटणी होते. ती एकदा झाली की झाली. विहीर सामाईक असेल तर तिचं काय? धुऱ्यावरच्या बाभळीचं काय? वाटणीपत्र संपतं तिथून रोजचं देणंघेणं सुरू होतं आणि ते कधी संपत नाही. पुनर्रचना कायद्याने वाटणी चोख केली. पुढच्या शेजारासाठी क्षेत्रीय परिषदा नावाची एक सोय केली. ती कशी होती पहा. मध्य प्रदेश गेला मध्य क्षेत्रात, उत्तर प्रदेशाबरोबर. मुंबई राज्य गेलं पश्चिम क्षेत्रात, म्हैसूरबरोबर. कालपर्यंत एका छपराखाली असलेले दोघे दोन वेगळ्या पंगतींत! दोन परिषदांची संयुक्त बैठक घेण्याची वाट कायद्यात ठेवली होती, हे खरं. पण नेहमीच्या बसण्याउठण्यासाठी जी ओसरी लागते ती नव्हती.

मग लोकांनी काय केलं? काहीच केलं नाही, आणि तेच चांगलं झालं. पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशात राहिले, मुलताईही राहिली. तिथलं मराठी घराघरातलं. सोयरिकी तुटल्या नाहीत. वरुड-मोर्शी, काटोल, आपला कारंजा-आष्टीचा भाग आणि पलीकडे पांढुर्णा-सौंसर हा संत्र्याचा एकच पट्टा आहे. कलमं इकडून तिकडे गेली, व्यापारी तिकडून इकडे बागा बघायला आले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या दोन काठांवरून जी गोटमार होते, ती बघायला आपल्याकडची माणसं जातात. दोन काठांवरून दगड मारायचे आणि दुसऱ्या दिवशी एकाच बाजारात भाजी घ्यायची. शेजाराचा इतका प्रामाणिक नमुना आम्ही दुसरा पाहिला नाही.

पहिली पंधरा-सोळा वर्षं अशी गेली. सीमा नकाशावर होती, बाजारात नव्हती. ती बाजारात आली १९७२ मध्ये, आणि तीही कापसाच्या रूपाने. इथे आपण जरा थांबू.

महाराष्ट्राने १९७१ मध्ये कापसाचा कायदा केला आणि पुढच्या हंगामापासून एकाधिकार खरेदी सुरू झाली. राज्यात पिकलेला कापूस कास्तकाराने सरकारच्या एजन्सीलाच विकायचा, दुसऱ्या कुणाला नाही, आणि राज्याबाहेर न्यायचा नाही. हेतू वाईट नव्हता, हे आधी स्पष्ट सांगतो. ज्यांनी अडत्याची कापसाखालची बोटं पाहिली आहेत, दिवाळीच्या आधी पडेल भावात घरचा कापूस काढावा लागलेली घरं पाहिली आहेत, त्यांना ही योजना म्हणजे आधारच वाटला. हमीभाव ठरलेला, वर नफा झाला तर त्यातला वाटा. रुई आणि सरकी विकून येणारी किंमत कास्तकाराची, दलालाची नाही, ही कल्पना मोठी होती. आजही आम्ही तिला नावं ठेवणार नाही.

घोळ कल्पनेत नव्हता, कुंपणात होता. कायदा झाला मुंबईच्या विधिमंडळात. पलीकडे मध्य प्रदेशात, खाली आंध्र प्रदेशात, वर गुजरातेत बाजार खुलाच राहिला. शेजाऱ्याचा विचार कायद्यात किती? तर कापूस बाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढा. आता एकाच पिकाचे दोन भाव शेजारी-शेजारी ठेवले तर काय होईल? पाण्याला उतार दाखवावा लागत नाही. ज्या वर्षी बाहेरचा भाव चढा, त्या वर्षी आपला कापूस बाहेर. ज्या वर्षी आपला हमीभाव चढा, त्या वर्षी बाहेरचा कापूस आत, कुणाच्या तरी सातबाऱ्यावर. १९९४-९५ च्या हंगामात बाहेरचे भाव इतके चढले की खरेदी केंद्रं ओस पडली.

हिंगणघाटकडचा कापूस वडनेर, पांढरकवड्यावरून आदिलाबादला, आणि आर्वी-कारंजाकडचा वरुडकडून पांढुर्ण्याला. रात्रीचे ट्रक, नाक्यावरचे हिशेब, हे सगळं ज्यांनी पाहिलं ते आज साठीच्या पुढे आहेत आणि त्यातले काही या सभागृहात बसलेले आहेत. आम्ही कुणाकडे बघत नाही! आमच्या ओळखीतल्या एका कास्तकाराने त्या काळी जे सांगितलं ते आम्हाला अजून आठवतं. तो म्हणाला, गुर्जी, माहा बाप याच रस्त्यानं कापूस नेत होता तं त्याले व्यापारी म्हणत, म्या नेला तं मले चोर म्हणतेत. रस्ता तं तोच हाय ना? आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, आमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्यात चुकाऱ्यांची गोष्ट. माल आज घातला, पैसे हप्त्यांनी. ग्रेडर काय म्हणेल ते खरं. केंद्राबाहेर बंड्यांची रांग, दोन-दोन दिवस, बैलांचा कडबा घरून आणलेला. पलीकडे पांढुर्ण्याला त्याच दिवशी रोख. भाव सारखा असता तरी माणूस पलीकडे गेला असता. राज्याने नाके वाढवले, तपासण्या वाढवल्या. शेजाऱ्याशी बोलणं मात्र वाढवलं नाही. भोपाळ किंवा हैदराबादबरोबर बसून, निदान सीमेवरच्या जिल्ह्यांपुरतं, हंगामाच्या सुरुवातीला आपापले भाव एकमेकांना कळवायचे, मालाची नोंद एकसारखी ठेवायची, एवढं जरी झालं असतं तरी अर्धा काळाबाजार उगवला नसता असं आमचं मत आहे. रिव्हेट-कार्नाकचं एक दफ्तर आठवा. साहेबाने जे केलं ते आपल्या लोकशाही राज्यांना जमलं नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत ही मक्तेदारी सैल होत होत संपली. योजना तोट्याने गेली असं म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण त्या तोट्याच्या मुळाशी उघड्या शेजारात बंद दार ठेवण्याचा हट्टही होता, हे कुणी लिहीत नाही.

इथे ह्यूमची आठवण होते. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४० मध्ये दोन शेजारी शेतकऱ्यांचं उदाहरण दिलं आहे. एकाचं पीक आज तयार, दुसऱ्याचं उद्या. दोघांनी एकमेकांना हात लावला तर दोघांचंही पीक घरात येईल. पण आज मी राबलो आणि उद्या तो आलाच नाही तर? म्हणून कुणीच जात नाही आणि दोघांचंही पीक जातं. मुलांना हे शिकवताना आम्ही म्हणत असू की ह्यूमला सावड माहीत नव्हती. आपल्या खेड्यात सावड आहे, इर्जिक आहे. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. ती चांगुलपणावर चालत नाही. उद्या परत भेट होणार आहे, आणि गाव बघत आहे, यावर चालते. दोन राज्यांच्या मध्ये हे बघणारं गाव कोण?

ते नसलं की मोठमोठी राष्ट्रंही कशी वागतात ते पहा. १९४७ च्या फाळणीनंतर भारत आणि पाकिस्तान यांनी २९ फेब्रुवारी १९४८ पर्यंत आपसात जकात न लावण्याचं ठरवलं होतं. मुदत संपली, जकात आली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाबरोबर भारताने रुपया उतरवला, पाकिस्तानने उतरवला नाही. त्यांचे शंभर म्हणजे आपले एकशे चव्वेचाळीस. आपण तो दर मानला नाही आणि व्यापार ठप्प झाला. ताग पूर्व बंगालच्या शेतात, तागाच्या गिरण्या कलकत्त्यात. चांगला लांब धाग्याचा कापूस सिंध-पंजाबात, गिरण्या मुंबई-अहमदाबादेत. तिकडे शेतकऱ्याचा ताग पडून, इकडे गिरणीचे माग बंद. फेब्रुवारी १९५१ मध्ये आपण मुकाट्याने त्यांचा दर मान्य केला तेव्हा गाडी हलली. दीड वर्षाचं नुकसान भरून कुणी दिलं? त्याच्याशी ज्यांचा काही संबंध नव्हता त्या मैमनसिंगच्या शेतकऱ्याने आणि हुगळीकाठच्या कामगाराने.

परत आपल्याकडे येऊ, कारण कापसाची सीमा आता गेली आहे. पाण्याची राहिली आहे. कापूस न्यायला रात्रीचा ट्रक मिळतो. पाण्याचं तसं नाही.

आपली वर्धा नदी उगम पावते मुलताईकडे, बैतूल जिल्ह्यात. तापीही तिथलीच. पेंच येते छिंदवाड्यातून. म्हणजे १९५६ मध्ये जी रेघ ओढली गेली तिने नद्यांची डोकी एका राज्यात आणि धडं दुसऱ्यात ठेवली. एका राज्यात असतो तर हा पाटबंधारे खात्याच्या दोन इंजिनियरांमधला प्रश्न राहिला असता. पेंचबद्दल १९६४ मध्ये करार झाला, ३५ टीएमसी मध्य प्रदेशाला आणि ३० टीएमसी महाराष्ट्राला. तोतलाडोहची वीजही वाटून घेतली, दोन हिस्से त्यांचे, एक आपला. गोदावरी खोऱ्याचा लवाद १९६९ मध्ये बसला, निवाडा १९८० पर्यंत चालला. म्हणजे पाण्याच्या बाबतीत कागद झाले, आणि चांगले झाले. कागदाला आम्ही कमी लेखत नाही. आज नागपूरकर पेंचचं पाणी पितो ते त्या कागदाच्या जोरावर.

पण कागद आणि शेजार यात फरक काय, ते २०१९ च्या उन्हाळ्यात कळलं. मध्य प्रदेशाने वरच्या अंगाला चौराईचं धरण बांधलं, आपल्या वाट्याचं पाणी अडवण्यासाठी. तो वाटा करारातच होता. आधीची वर्षं ते धरण नव्हतं म्हणून त्यांचंही पाणी खाली येत राहिलं, आणि खालच्यांनी त्यावर सवय लावून घेतली. पाऊस लांबला, तोतलाडोह तळाला गेलं, आणि जुलैत नागपूरला दिवसाआड पाणी द्यायची वेळ आली. तक्रार कुणाची करणार? कायद्याने कुणाचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं असेल तर इतकंच, की दरम्यानच्या वर्षांत दोघांनी नियमाने एकत्र बसून धरण कधी पुरं होणार, त्या वर्षी खाली काय सोय करायची, हे पाहायला हवं होतं.

त्यासाठी मंडळ नव्हतं का? होतं. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांचं आंतरराज्य नियंत्रण मंडळ आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळला त्याची बैठक झाली, दोन्ही मुख्यमंत्री बसले, आणि तापीच्या पुनर्भरण प्रकल्पाचा करार झाला. आनंदाची गोष्ट आहे. पण ही बैठक पंचवीस वर्षांनी भरते आहे, असं त्या वेळी व्यासपीठावरूनच सांगितलं गेलं. पंचवीस वर्षं! या काळात एक पिढी शिकून नोकरीला लागली. चौराई बांधून झालं. तोतलाडोह आटून परत भरलं. ओसरी बांधलेली होती, पण तिच्यावर कुणी बसलंच नाही.

दक्षिणेकडचा शेजारी तर आपल्या डोळ्यांसमोर दोनदा बदलला. आदिलाबाद आधी निजामाच्या हैदराबादेत, १९५६ पासून आंध्रात, २०१४ पासून तेलंगणात. प्राणहितेवरच्या तुम्मिडीहट्टी बंधाऱ्याच्या उंचीवरून आंध्र असताना वाद अडकला होता : त्यांना १५२ मीटर हवा, आपल्या गडचिरोलीची जमीन बुडते म्हणून आपण १४८ म्हणतो. तेलंगण झाल्यावर २३ ऑगस्ट २०१६ ला मुंबईत करार झाला आणि १४८ ठरलं. नवा शेजारी घाईत होता, त्याला पाणी हवं होतं, म्हणून बोलणी झाली. वेगळं झाल्याने बोलणी अवघडच होतात असं नाही, हे यातून दिसतं. मात्र त्याच तेलंगणाचे आंध्रशी काय झालं? गोदावरी आणि कृष्णा यांची दोन मंडळं कायद्यानेच बसवली, हैदराबाद दहा वर्षं दोघांची राजधानी ठेवली, आणि २ जून २०२४ ला ती दहा वर्षं संपली तेव्हाही कित्येक सामाईक संस्थांची वाटणी पुरी झालेली नव्हती.

आता आपण ज्यासाठी इतका वेळ बसलो त्या मुद्द्यावर येऊ. विदर्भ वेगळा व्हावा ही मागणी जुनी आहे, आयोगाने मान्य केलेली आहे, आणि ती करणारी माणसं आमच्या आदरातली आहेत. आम्ही गेली चाळीस वर्षं या विषयावरच्या सभा ऐकल्या, पत्रकं वाचली. त्यात महाराष्ट्राने काय दिलं नाही याचा हिशेब असतो. नव्या राज्याचं उत्पन्न किती, राजधानी तयार आहे, वीज आपली आहे, कोळसा आपला आहे, हे असतं. पण महाराष्ट्र मग शेजारी होणार, त्याच्याशी काय ठरवायचं, याचं पान आम्हाला अजून दिसलं नाही. चंद्रपूर-कोराडीची वीज मुंबईला जाते. ती कुठल्या भावाने, किती वर्षांच्या कराराने? पैनगंगा मराठवाड्याच्या सीमेवरून वाहते. तिच्यावरचा कारभार कुणाचा? गाठी आणि संत्री आजही मुंबईच्या बंदरातून जातात. कापूस महामंडळ, वीज कंपन्या, एसटी, सहकारी बँकांची देणी, हे वाटणीत येईल. पण वाटणीनंतरचं बसणं-उठणं कुठल्या ओसरीवर, किती महिन्यांनी, आणि एक जण आला नाही तर काय?

हीच विचारणा जे अखंड महाराष्ट्र म्हणतात त्यांनाही आहे. भोपाळशी पंचवीस वर्षं न बसणारं सरकार मुंबईतच होतं. तेव्हा शेजार सांभाळण्याचा वसा त्यांच्याकडे आहे असं त्यांनीही समजू नये.

गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले, १९३६ मध्ये सेगावला राहायला गेले. त्यांच्या स्वदेशीचा गाभा जवळच्या शेजाऱ्याची सेवा हा होता. १९१६ च्या मद्रासच्या भाषणापासून ते हेच सांगत आले. मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पांनी त्यावर अख्खं अर्थशास्त्र उभं केलं. आपण स्वदेशी म्हणताना देशाची सीमा डोळ्यांपुढे आणतो. पण आष्टीच्या माणसाला पांढुर्णा जवळ की पुणे? या मोजमापाने पाहिलं तर १९७१ चा कापूस कायदा हा आपल्या जिल्ह्याच्या स्वदेशीच्या विरुद्ध होता. सर्वोदयी मंडळींना हे आवडणार नाही, कारण त्यांच्यापैकी अनेकांनी त्या कायद्याचं स्वागत केलं होतं. पण आम्हाला असंच वाटतं.

वेळ होत आली. दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली : सर, तुम्ही विदर्भाच्या बाजूने की विरुद्ध? आमचं म्हणणं असं की ते पान आधी लिहा. त्यावर वीज, पाणी, बंदर आणि बसण्याची तारीख असेल, तर आम्ही सही करायला येऊ. ते कोरं ठेवून कुणी आलं, या बाजूचं असो वा त्या, तर येणार नाही.

दुसरी चिठ्ठी कारंजाच्या एका बागायतदाराची आहे. बांगलादेशने संत्र्यावर आयात शुल्क वाढवलं, त्यावर तुमचं काय म्हणणं? चांगला प्रश्न आहे, आणि विषयाला धरूनच आहे, कारण तेही एकेकाळी एका घरातले. आपल्या संत्र्याचं ते मोठं गिऱ्हाईक. २०१९ पासून दरवर्षी चढवत चढवत चार वर्षांत त्यांनी शुल्क चौपटीच्या वर नेलं. आम्ही एवढंच बघितलं की त्यांचा अर्थसंकल्प येतो जूनमध्ये. त्या वेळी आपला आंबिया बहार झाडावर असतो, हिरवा, लिंबाएवढा, आणि बाग व्यापाऱ्याला द्यायची बोलणी व्हायची असतात. शुल्क किती झालं ते कारंजाच्या बाजारात कळतं कधी, तर व्यापारी बाग बघायला येतो तेव्हा, त्याच्या भावावरून.